अठरा अंश

९ जानेवारी २००६
पुन्हा तेच! स्नान करून बाहेर आलो तो दातांवर दात आपटत होते. गॅसचे दर वाढले म्हणून पुरुषोत्तमाने घराचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट अठरावर आणून ठेवला आहे. घर गारठले आहे म्हटले, तर चिरंजीवांनी पॅसेजच्या भिंतीकडे बोट केले. "बाबा, अठरा दाखवतंय. स्वेटर घाला." — यंत्र सांगते ते सत्य, बापाची हाडे सांगतात तो भ्रम!

१४ जानेवारी, संक्रांत
दारांच्या फटींना फोमच्या पट्ट्या, रेडिएटरमागे चंदेरी कागद. रेडिएटर तापवणारा बॉयलर हल्ली क्वचितच चालतो म्हणून पुरुषोत्तम स्वतःवरच खूश. इकडे आमच्या सौभाग्यवतीचा, लीलावतीचा, दमा बळावतो आहे. तिच्यासाठीच संकल्प सोडून एक तारखेपासून महाशिवरात्रीपर्यंत अखंड दीप लावला आहे. देव्हारा पॅसेजमध्ये, देवांना पूर्वाभिमुख जागा या घरात तेवढीच. दिवा जागचा हलवायचा नाही, हे सर्वांना निक्षून सांगितले आहे.

१८ जानेवारी
शीत आणि उष्ण समान मानावे, असे चाळीस वर्षे प्रवचनांतून सांगत आलो. इंग्लंडातल्या या मिल्टन कीन्समध्ये ते जमत नाही.

२१ जानेवारी
डॉक्टरांनी लीलावतीचा दम्याचा पंप बदलून दिला. मी पुरुषोत्तमाला सांगून टाकले, आमची परतीची तिकिटे काढ. तो दुखावला. "आईला या अवस्थेत विमानात बसवणार? आकडा तरी बघा ना, बाबा." पुन्हा आकडा!

लीलावती दिवसभर शाल गुंडाळून देव्हाऱ्यासमोर स्टुलावर बसून असते. तिच्या निष्ठेचे कौतुक केले, तर म्हणाली, "निष्ठा कसली? घरात ऊब आहे ती एवढीच."

२२ जानेवारी, रविवार
देव्हाऱ्याची फळी एका बाजूने कलली. निरुपाय म्हणून देवांची क्षमा मागून दिवा, ज्योत सांभाळत, स्वयंपाकघरात नेला. परत येऊन फळीचे स्क्रू आवळू लागलो. भिंतीवरचा आकडा उतरू लागला — सतरा, पंधरा, तेरा! कपाटातला बॉयलर धडधडून पेटला. फळी पक्की करून दिवा जागेवर ठेवला. काही वेळात पुन्हा अठरा. बॉयलर गप्प.

थर्मोस्टॅट माझ्या ज्योतीच्या वीतभर वर आहे.

मग दिवा उचलला आणि कायमचा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

२३ जानेवारी
दुपारी लीलावतीने शाल काढून घडी घातली. पुरुषोत्तमाशी बोलण्याआधी तिच्यापाशी अपराध कबूल केला. ती शांतपणे म्हणाली, "मला गुरुवारीच कळलं होतं. पण अहो, दिवा तुम्ही माझ्यासाठी लावला होतात ना."