गौलीगुड्यातला अठ्ठेचाळीस वर्षांचा म्हातारा

गौलीगुडा, हैदराबाद

ती. सौ. त्रिवेणीअक्कास,
उमाजीचा साष्टांग नमस्कार (साष्टांगाला पाय साथ देत नाही, तेव्हा बसल्या जागेवरून मानून घे). इकडे सगळे बरे. तुझे गुडघे आणि दाजींची साखर कशी आहे?

अक्का, गेला महिनाभर मी अडुसष्ट वर्षांचा होतो. काल परत अठ्ठेचाळीसचा झालो, म्हणून आधी तुलाच लिहितोय. झालं असं, की अपंगांना बॅटरीची तीनचाकी मिळणार असं कळलं. कुबड्या टेकत कोठी बाजारात घड्याळाच्या दुकानात कामाला जाऊन जाऊन माझे खांदेही आता पायाच्या पंगतीला बसलेत. अर्ज केला. खिडकीतल्या साहेबांनी कंप्युटरात पाहिलं आणि प्रेमानं म्हणाले, "तातगारू, गाडी साठच्या आतल्यांना. तुम्ही म्हाताऱ्यांच्या पेन्शनला जा." तातगारू म्हणजे आजोबा गं! ओळखपत्रावरचा फोन नंबर बदलताना कुणीतरी माझं जन्मसाल वीस वर्षं मागं ढकललं होतं. लहानपणीच्या पोलिओचा पाय दाखवला, तर म्हणे या वयात पाय जायचेच. (भामा घरात वाकून नमस्कार करायला लागली. बायकोच ती.)

शेवटी काल आईला रिक्षात घालून नेलं. साहेब तिलाही तेच म्हणाले, "अम्मा, कंप्युटर झूठ नई बोलता." आईनं काठी आपटली. "हौ? मेरी उमर बहात्तर, इसकी अडसठ. तो मैं चार साल की थी तब इसकू जनी क्या?" सगळी रांग हसली. साहेबही हसले, मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्या पायाकडे नीट बघितलं. वय दुरुस्त, गाडी मंजूर! बाहेर आल्यावर आईनं भर रस्त्यात पदरानं माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. काल रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
तुझा धाकटा (आता सरकारदरबारीही),
उमाजी

ता.क. साहेबांनी खात्रीसाठी भावंडांची वयं विचारली. आईनं तुझं एकावन्न सांगून टाकलं, वर तुझा फोन नंबरही दिला. तुझ्याशी बोलणं झालं की मगच गाडी हातात.

आणखी एक ता.क. तू तिकडं भजनी मंडळात चव्वेचाळीस सांगतेस, मला ठाऊक आहे. मी कुणाला बोललेलो नाही, बोलणारही नाही. पण अक्का, फोन आला की एवढ्या एका वेळेला माझ्यापेक्षा मोठी हो.