आजार : निरंक

२२ मार्च, रविवार
चर्चच्या उपासनेहून आलो तर अनु दारातच दोन कागद घेऊन उभी. दोन निवासी उन्हाळी शिबिरं, दोन्ही विज्ञान-तंत्रज्ञानाची, दोन्ही मेच्या सुरुवातीला. म्हणजे एकच निवडायचं. "पप्पा, तुम्हीच ठरवा," म्हणाली आणि एका कागदावर बोट ठेवून उभी राहिली.
पुण्याचं : रोबो, ड्रोन, एसी खोल्या, गुळगुळीत रंगीत कागद. भोरचं : डोंगरातली कुठलीशी संस्था, तीस मुलं, माहितीपत्रक झेरॉक्सचं, तेही तिरकं. बोट भोरवर.
बघू म्हटलं. पंधरा वर्षांची पोर, बारा दिवस बाहेर. आणि रोज चार वेळा इन्सुलिन. तिला शुगर आहे हे आम्ही तिघं आणि पुण्याचे डॉक्टर सोडून कुणालाही ठाऊक नाही. दोन वर्षं होऊन गेली. झाकली मूठ.

२४ मार्च, मंगळवार
मांडवगणच्या शाळेत दिवसभर परीक्षेची कामं. मधल्या सुट्टीत पुण्याचा फॉर्म मोबाइलवर भरला. नाव, इयत्ता, टी-शर्टचं माप. पुढचा रकाना : आजार / चालू औषधे. बोटांनी आपोआप टाइप केलं, निरंक.
बावीस वर्षं लिपिक आहे. सांगण्यासारखं काही नसलं की निरंक, वरच्या ऑफिसला समाधान. पण इथं सांगण्यासारखं होतं, आणि तरी बोटं अडखळली नाहीत.
एका मिनिटात मेसेज. अभिनंदन, आपल्या पाल्याची जागा निश्चित. कुणी काही विचारलंच नाही. आधी बरं वाटलं. मग मोटारसायकलवरून शिरूरला येईपर्यंत तेच डोक्यात, काहीच कसं विचारलं नाही?

२५ मार्च
भोरचा फॉर्म कागदी, पोस्टानं पाठवायचा. तिथंही निरंक, सुवाच्य अक्षरात.
सोबत स्वतः केलेल्या एका प्रयोगाची माहिती मागितली आहे. अनुनं मडक्यांचा दिला. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. गेल्या मेमध्ये वीज तासन् तास जायची, फ्रिज बंद, इन्सुलिन खराब होणार म्हणून तिनंच हे काढलं. चाळीस दिवस, दिवसातून पाच वेळा तापमान लिहिलं. तालुक्याच्या प्रदर्शनात मांडताना मडक्यात इन्सुलिनऐवजी दोन टोमॅटो ठेवायचे, ही माझी अक्कल.
प्रयोग का करावासा वाटला? तिनं लिहिलं : भाजी टिकावी म्हणून. लिहिताना माझ्याकडं बघत होती. मी पाकिटाला डिंक लावत होतो.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
सणाला आक्का आली होती दौंडहून. माझी थोरली बहीण, स्वभावानं सोनं, तोंडानं दवंडी. जेवताना कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीची कथा. "पोरीला शुगर व्हती म्हनं, लपवून ठिवली. आता कोन करून घेतंय तिला?" दोन वर्षांपूर्वी अशीच एक कथा सांगितली होती तिनं, तेव्हाच ठरवलं होतं, आपलं कळू द्यायचं नाही. आक्काला कळलं म्हणजे दौंडला कळलं.
अनु मान खाली घालून जेवत होती. तिला काय वाटलं असेल, विचारायला धीर झाला नाही.

३१ मार्च
शोभाला भोरच्या फॉर्मची झेरॉक्स सापडली. ती रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे, घरातही क्वालिटीच.
"अहो, हे काय लिहिलंय? आमच्या लाइनवर असला माल रिजेक्ट होतो."
म्हटलं, लिहिलं तर घेणार नाहीत.
"आणि न लिहिता घेतलं, पोरीला चक्कर आली, तर त्यांनी काय समजायचं? ऊन लागलं?"
मग पुण्याला पाठवू, तिथं फ्रिज तरी असेल.
"काय सांगून मागणार फ्रिज? टोमॅटो ठेवायला?"
मायलेकी हसल्या. मी नाही हसलो. आज अबोला. माझ्या बाजूनं.

८ एप्रिल, बुधवार
भोरहून अनुची फोनवर मुलाखत. ती बाहेरच्या खोलीत, मी पडद्याआड, चोरासारखा. तिचंच बोलणं ऐकू येत होतं. हो मॅडम. पाच वेळा. पहिलं रीडिंग पहाटे साडेपाचला. हो, सुट्टीतसुद्धा.
मग, "टोमॅटोसाठी नाही मॅडम. माझ्या इन्सुलिनसाठी."
पायाखालची वाळू सरकली. वाटलं, संपलं. पण पोरगी पुढं वीस मिनिटं बोलतच होती. वाळू जाड की बारीक, दमट दिवशी मडकं कमी गार का होतं, असलंच सगळं. एवढ्या मोकळेपणानं बोलताना मी तिला दोन वर्षांत ऐकलेलं नाही.
शेवटी मॅडमनी मला मागितलं. "फॉर्मवर तर निरंक आहे."
"ते जरा... सवयीनं."
"सवय बरी नाही," म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं. डॉक्टरांचं सविस्तर पत्र हवं. पत्र आल्यावर विचार करून कळवू. घेऊच असं नाही.
अनुवर ओरडलो. काय गरज होती?
"त्यांनी विचारलं, टोमॅटोसाठी पहाटे साडेपाचला कोण उठतं? पप्पा, तुम्ही उठाल?"
नाही उठणार.

१७ एप्रिल, शुक्रवार
पुण्याला डॉक्टरांकडं. पत्र देतील की नाही, शंकाच होती. ते उलट खूश. "दोन वर्षं मी हेच सांगतोय, शाळेत तरी सांगा." दोन पानी पत्र दिलं. शुगर उतरली तर काय द्यायचं, चढली तर काय, कुणाला फोन. शेवटची ओळ : ती स्वतःची काळजी स्वतः उत्तम घेते.
येताना वाटेत चहाला थांबलो. अनुनं ती ओळ तीनदा वाचली. मी चारदा.

२२ एप्रिल, बुधवार
भोरकडून काही नाही. पुणेवाल्यांचा रोज मेसेज, बॅग भरा, उत्साह भरा. हातातलं सोडून पळत्याच्या पाठी. अनुला म्हटलं, जाऊ दे ना, पुण्याचं पक्कं आहे. ड्रोन उडवशील.
म्हणाली, "तिथं कुणाला माहीत नसणार. म्हणजे बारा दिवस बाथरूमची कडी लावून सुई घ्यायची. शाळेत घेते तशी."
शाळेत घेते तशी. ती दुपारची सुई कुठं घेते हे मी कधी विचारलंच नव्हतं. घेते का, एवढंच विचारायचो. कडी लावलेल्या त्या शाळेच्या बाथरूममध्ये उभी माझी पोर. रडू आलं, तिच्यासमोरच. तीच म्हणाली, "अहो पप्पा, त्यात काय, दोन मिनिटांचं काम."
पुण्याला फोन करून जागा सोडली. कारण विचारलं. सांगितलं, मुलीला टाइप वन डायबेटिस आहे आणि मी तुमच्या फॉर्मवर खोटं लिहिलं. पलीकडचा मुलगा गडबडला. "ओके सर, थँक्यू सर." पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगितलं. आभाळ कोसळलं नाही. आता भोरवाले नाही म्हणाले तर मात्र पोरगी घरीच, आणि त्याला जबाबदार मी.

२७ एप्रिल, सोमवार
भोरहून फोन. घेतलं!
मॅडमनी पत्रातला एकेक मुद्दा वाचून दाखवला, आम्ही काय करू ते सांगितलं. मुलींच्या खोलीशेजारीच एक ताई झोपणार. गावातल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलंय. म्हणून उशीर झाला. "एकच अडचण आहे. आमच्या फ्रिजला कुलूप नाही, इन्सुलिन सगळ्यांना दिसेल, चालेल ना?" मी म्हटलं, मॅडम, कुलपं आता पुरे झाली. का म्हटलं असं, देव जाणे. हसल्या. "आणि मडकी आणायला सांगा तिला, आमची वीजही जाते."
जीव भांड्यात पडला. शोभा सेकंड शिफ्टला होती. तिला मेसेज केला, माल पास. उत्तर : तुम्ही अजून चेकिंगमध्ये आहात.

४ मे, सोमवार
पोचवून आलो. एसटीत तीन तास मांडीवर मडकी, पाय बधिर.
दुपारी मुलांबरोबर पालकांचंही जेवण. अनुनं ताट घेतलं, बसली, पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं आणि सगळ्यांदेखत पोटाला सुई लावली. मी चटकन दुसरीकडं बघितलं. समोरच्या मुलीनं विचारलं, "दुखतं का गं?" अनु म्हणाली, "मुंगी चावल्यावानी." मग ती मुलगी म्हणाली भाजी खारट आहे, आणि दोघी भाजीबद्दल बोलायला लागल्या. बस्स. एवढंच. ह्या एवढ्याला मी दोन वर्षं घाबरत होतो.
फोन फक्त संध्याकाळी सात ते आठ, ऑफिसच्या नंबरवर.

५ मे
सात वाजून एक मिनिटानं फोन लावला. पहाटे शुगर उतरली होती म्हणे. शेजारच्या कॉटवरच्या मुलीला हलवून उठवलं, तिनं ग्लुकोज दिलं, मग ताईंना बोलावलं. अर्ध्या तासात ठीक. अनुनं आपणहून सांगितलं सगळं. भीती वाटलीच, पण आतून कुठंतरी सुटल्यासारखं झालं. ती मुलगी उठली. तिला काय द्यायचं हे माहीत होतं.
शोभा म्हणाली, चला, झोपा आता निवांत. झोपलो.

७ मे, गुरुवार
संध्याकाळी आक्काचा फोन. "आरं, अनु कुठंय? दोन दिस झालं फोन उचलंना."
शिबिराला गेलीय, भोरला.
"एकटी? आन् तू धाडलीस?"
मग का कोण जाणे, सांगूनच टाकलं. शुगर, सुया, दोन वर्षं, सगळं. आक्का इतका वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही. फोन कट झाला वाटून हॅलो म्हटलं.
"हाय, हाय मी." आवाज बसलेला. "नाताळात मी बळंच करंज्या खायला घातल्या रं तिला. चार. नगं नगं म्हनत व्हती."
म्हटलं, तिनं थोडं जास्तीचं इन्सुलिन घेतलं असेल, येतं तिला.
"माझ्याच घरात? गुपचूप?" आक्का रडायला लागली. "आन् मी तिच्याच म्होरं बसून लोकांच्या पोरींची शुगर काढत व्हते. मला का न्हाई सांगितलंस?"
तुझ्या भीतीनं, म्हटलं. खरं तेच.
"माझ्या?" मग नाक ओढल्याचा आवाज. मग एकदम, "त्या भोरचा नंबर दे."
दिला. सव्वासात झाले होते. पाच मिनिटांनी मी आक्काला लावला तर बिझी. भोरला लावला, तोही बिझी. आता आठ वाजून गेले, भोरचा फोन बंद झाला असणार. आक्काचा अजून बिझीच आहे. अनुशी किती बोलली आणि दौंडशी किती, कळायला मार्ग नाही. शोभानं ताट वाढलंय, जेवून घेतो.