मास्तरांच्या गोळ्या नेमक्या कोण घेतं?

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (डावा गुडघा धरल्यामुळे अष्टांगांपैकी सातच हजर आहेत, गोड मानून घे.) तुझं रक्तदाबाचं कसं काय? काका अजून बातम्या देणाऱ्यांशी मोठमोठ्याने भांडतात का?

मी काय काम करतो हे तू नेहमी विचारतेस आणि उत्तर ऐकून विषय बदलतेस. तर नीट ऐक. तू ज्याला मंत्रचळ म्हणतेस, त्या तेच तेच धुण्या-तपासण्याच्या आजाराचे रोगी उपचार खरंच पाळतात का, हे मी मोजतो. गोळ्यांच्या बाटलीचं झाकण उघडलं की त्यातलं चिमुकलं यंत्र वेळ टिपतं. शिवाय उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि गृहपाठाची वही तपासायची. (गृहपाठ म्हणजे गॅस एकदाच बंद करून मागे वळून न बघणं. आपल्या घराण्यात कुणाला जमणार नाही.)

आमच्या यादीत भूगोलाचे एक निवृत्त मास्तर आहेत. अर्जात लिहिलेलं, घरात एकटेच. दोन महिने रोज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी झाकण उघडलेलं, एक दिवस खाडा नाही. आजार मात्र जिथल्या तिथे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "इतकी आज्ञाधारक तर मीही नाही. घरी जाऊन बघ."

भर दुपारी गेलो. सगळे पडदे ओढलेले, खुर्च्यांच्या पायांभोवती फरशीवर खडूची वर्तुळं. धुऊन धुऊन मास्तरांच्या हातांना भेगा पडलेल्या. बसण्याआधी त्यांनी टेबलावर पाच टिचक्या मारल्या आणि ओशाळून म्हणाले, "असं केलं की कुणाला काही होत नाही."

तेवढ्यात आतल्या बंद खोलीतून पाच टिचक्या आल्या. सावकाश, मोजून.

"उंदीर," मास्तर म्हणाले. (उंदराला पाचपर्यंत आकडे येतात हे मला नवीन होतं. पण शिक्षकाच्या घरचा उंदीर, म्हटलं असेल.) मी घसा खाकरून वही उघडली. पुढची पानं कोरी. मागून मात्र बारीक, टापटीप अक्षरात लिहिलेलं: 'आज कडीला एकदाच हात. भीती दहापैकी नऊ.' पानं उलटत गेलो तसा नवाचा सात झाला, सातचा चार.

"मास्तर, हे अक्षर तुमचं नाही."

आतल्या दाराची कडी पलीकडून खडखडली: वर, खाली, पुन्हा वर. मी खुर्चीसकट खडूच्या वर्तुळाबाहेर सरकलो. दार उघडलं. पस्तिशीची बाई, चेहऱ्याला ऊन कधी शिवलं नसावं अशी.

"गोळ्या मी घेते," ती म्हणाली. "बाबा नाही."

मावशी, ती मास्तरांची मुलगी. आपल्याला जो कुणी बघेल त्याचं वाईट होईल, या भीतीने चार वर्षं ती कुणासमोर, अगदी बापासमोरही, आलीच नव्हती. (हे ऐकताना मी गुपचूप स्वतःची नाडी बघितली.) आपण या घरात आहोत हे सांगायचं नाही, अशी तिने बापाला शपथ घातलेली.

"मी भीतीने बाटलीला हातच लावत नव्हतो, तरी गोळ्या कमी होत होत्या, तिसऱ्याच दिवशी मला कळलं होतं," मास्तर म्हणाले. "पण महिन्याभराने ती माझ्यासमोर बसून चहा प्यायली. मग मी कुठल्या तोंडाने बोलू? आता तुम्ही गोळ्या बंद कराल ना?"

फॉर्मवर एकच प्रश्न होता, रोगी औषध घेतो का, हो की नाही. 'हो' लिहिलं असतं तर तिघेही सुटलो असतो. पण न तपासता दुसऱ्याचं औषध घेणं जिवावर बेतू शकतं, म्हणून खरं तेच सांगितलं. डॉक्टरीणबाई अर्धा तास माझ्यावर बरसल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्या घरी गेल्या. आता तिची तपासणी झाली आहे आणि बाटल्या दोन आहेत. मास्तर पहिल्या दिवसापासून सुरू. "ती माझ्यापुढे दोन महिने आहे," हे मात्र छाती फुगवून सांगतात.

मला मात्र बंद दारासमोर उभं राहिलं की पलीकडे कुणीतरी श्वास रोखून मोजतंय असं वाटतं.

तुझा,
भाचा

ता. क. हे सगळं तिला विचारूनच लिहिलं आहे. पत्र टपालपेटीत तीच टाकणार, एकटीने, कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन. आत हात घालून चाचपायचं नाही, हा तिचा या आठवड्याचा गृहपाठ.

आणखी एक ता. क. पत्राचं खरं काम आता सांगतो. पत्र मिळालं तर मिळाल्याचं कळवू नकोस. फोनही नको. पोचलं की नाही हे न कळता राहणं हाच तिचा उपचार आहे, आणि तिने मला विचारलं तर मलाही खोटं बोलता येत नाही. पत्र गहाळ झालं तर तुझं काही बरंवाईट होईल, असं तिच्या मनाने घेतलंय. तसं काही नसतं म्हणा. तरी महिनाभर जरा जपून राहा.