ताईच्या नावाचं रक्त

७ फेब्रुवारी

सहाशे! मागच्या खेपेला साडेचारशे होते. लॅबवालीला विचारलं तर म्हणाली, दर बदललेत, बोर्ड लावलाय. बोर्ड लावला की झालं! रक्त तेवढंच, नळी तेवढीच, सूजही तीच.

सीआरपी म्हणे. अंगात सूज किती आहे ते रक्तावरून सांगणारी तपासणी. माझी बोटं बघून कुणीही सांगेल. सकाळी कात्री धरवत नाही, पडद्यांची शिलाई दुपारनंतरच. पण गल्लीतले डॉक्टर अडून बसलेत – आकड्याशिवाय गोळी वाढवणार नाही. रक्त न देताच परत आले.

८ फेब्रुवारी

ताईला सांगितलं, ती हसली. तिलाही हेच दुखणं, माझ्या कितीतरी आधीपासून. पण ती बिस्किटांच्या कारखान्यात होती, तिच्याकडे तिथलं कार्ड आहे. मोठ्या हॉस्पिटलात दर तीन महिन्यांनी एक तपासणी फुकट, गोळ्याही फुकट. मी जन्मभर घरच्या मशीनवर. मला कोण कार्ड देणार?

"चिमे, या वेळी माझ्या कार्डावर तू जा," म्हणाली. "माझं दुखणं मला आकड्याशिवाय कळतं."

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

११ फेब्रुवारी

गेले. खिडकीतल्याने कार्ड बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. ताईचं नाव पुकारलं तेव्हा मी जरा उशिराच उठले. सुईवाली म्हणते, आजी, ऐकू कमी येतं का? आजी! ताईपेक्षा चांगली नऊ वर्षांनी लहान आहे मी.

१३ फेब्रुवारी

आकडा २६. गल्लीतल्या डॉक्टरांनी कागदावरच्या नावावर अंगठा ठेवला आणि आकडा तेवढा वाचला. गोळी वाढवली. भला माणूस.

१४ मे

पुन्हा गेले. आता नाव पुकारल्याबरोबर उठता येतं. आकडा ९!

सकाळी सकाळी कात्री चालवली. ताईने माझी बोटं एकेक करून वाकवून बघितली, बाजारात शेंगा घेताना बघतात तशी. मी तिची बघायला गेले तर तिने हात पाठीमागे घेतले.

२ जुलै

ताईचं जेवण तुटलंय. संध्याकाळी अंग गरम लागतं. तिचे दोन गाऊन दोन्ही बाजूंनी आत घेतले, तरी खांद्यावरून घसरतात. "बारीक झाले, कापड वाचलं," म्हणते. हिला सगळ्याचीच थट्टा.

म्हटलं, पुढची तपासणी तू कर. तर म्हणे, तुझी गोळी आत्ता कुठे लागू पडतेय, मध्येच खंड नको. वर माझ्यावरच चिडली.

१६ ऑगस्ट

मीच गेले. ४. इतका चांगला आकडा मला आजवर आला नव्हता.

२० ऑगस्ट

ताई गोळ्या आणायला गेली आणि हात हलवत परत आली. डॉक्टर नवीन आहे. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं – तीन तपासण्या, आकडा उतरत गेलेला. म्हणाला, आजी, अभिनंदन, आजार शांत झालाय, आता औषध बंद. ताईने बोटं दाखवली. म्हणाला, ती आधीच वाकलेली आहेत, आत सूज नाही. तापाचं ती बोललीच नाही.

कागद घरी येतो एवढंच आम्हाला ठाऊक. तोच आकडा तिथेही ताईच्या नावावर जाऊन बसतो, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मी बरी झाले म्हणून तिच्या गोळ्या बंद झाल्या! आणि खरं सांगावं तर कार्डच जाईल. काही सुचत नाही. काहीच सुचत नाही.

९ सप्टेंबर

ताईला धरून बसवावं लागतं. कार्डावरची पाळी यायला अजून अवकाश आहे. तितकी वाट कोण बघणार? पैसे भरले आणि लॅबवालीला घरी बोलावलं. सहाशे आणि घरी येण्याचे शंभर. शीर सापडेना. शेवटी पंजातून काढलं.

ती गेल्यावर ताई म्हणाली, "आकडा मोठा येऊ दे म्हण. मोठा आला तर गोळ्या परत देतील."

दोघी बसून मोठा आकडा मागत होतो. असं कुणी मागतं का!

१० सप्टेंबर

१८६. जिन्यातच हसले मी. खरंच हसले. टॅक्सी करून ताईला हॉस्पिटलात नेलं. म्हटलं, आता बघू दे त्या नव्या डॉक्टरला.

त्याने कागद बघितला, कॉम्प्युटर बघितला, पुन्हा कागद. "हा नुसत्या सांध्यांचा आकडा नाही," म्हणाला. "आणि महिन्याभरात चारावरून इथे कसा आला?"

मग सांगितलं. सगळं. ताई माझा हात दाबत होती, गप्प बस म्हणून. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "फेब्रुवारीत यांचं रक्त बघायला मिळालं असतं तर –" आणि दाखल करायचा कागद लिहायला घेतला. कार्डाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

१५ सप्टेंबर

फुप्फुसात कॅन्सर आहे. पसरलाय. सूज त्याची होती, ताप त्याचा होता. औषध आहे का विचारलं. म्हणाले, आता त्रास कमी ठेवू.

ताईला काय सांगू? तिनेच विचारलं, "गोळ्या सुरू करणार ना?" हो म्हटलं.

१८ सप्टेंबर

सुईवाली रोज सकाळी येऊन ताईचं रक्त नेते. तीच सीआरपी. आज विचारलं, हिचे किती द्यायचे? म्हणाली, दाखल पेशंटना हिचे वेगळे पैसे लावत नाहीत.

माझी बोटं अगदी छान चालतात. ताईचे केस मीच विंचरते.

२३ सप्टेंबर

सकाळी सुईवालीने दारातून ताईचं नाव पुकारलं. सवयीने मीच उठले, बाहीसुद्धा वर केली. तिने ताईचा हात हातात घेतला आणि सुई न टोचताच खाली ठेवला.