दुखवट्याची टोपी

प्रिय दत्तात्रय निवृत्ती गव्हाणे,

पूर्ण नावाने हाक मारली की तू म्हणायचास, "सर, हजेरी घेताय का?" आज घ्यावीशी वाटली. दौंडची ही खोली मी सोडत आहे. सामान खाली टेम्पोत चढले आहे, आणि खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून मी तुला लिहीत आहे. येथून लिहिण्याची संधी पुन्हा मिळणार नाही.

तू गेल्यापासून मी थकलो आहे. रडून नव्हे, उत्तरे देऊन. कॉलेजात विचारतात, "रूममेट होते ना तुमचे?" मी "हो" म्हणतो. आपल्या एवढ्या वर्षांच्या संसाराला लोकांजवळ तेवढाच शब्द आहे.

आपला जुना वाद तुला आठवतो का? आपल्यासारख्यांच्या विवाहाला मान्यता देणे संसदेचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले, त्या संध्याकाळी मी जेवलो नव्हतो. तू कुरकुंभच्या कारखान्यातली पाळी संपवून आलास आणि कांदा चिरत म्हणालास, "कोर्ट न्हाई म्हणलं, म्हणू द्या. मला सही नकोच व्हती. मला अंतरपाट पायजे." जो धर्म आपल्याला दारात उभे करत नाही त्याच्याकडे अक्षता कशाला मागायच्या, असे मी विचारले. "धर्म काय आमच्या नानाच्या एकट्याचा हाय का, सर? गुरुवारचा उपास मी धरतो, चुलता न्हाई धरत."

मला कायदा हवा होता, तुला देव. दोघांच्याही हाती काही लागले नाही.

तुझ्या दहाव्याला मी निमोण्याला, तुझ्या गावी आलो. नदीकाठी सर्वांच्या मागे उभा राहिलो. विधी आटोपल्यावर सोयरे दुखवटा घेऊन पुढे झाले. तुझ्या मेव्हण्यांनी तुझ्या वडिलांच्या, आबांच्या, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर नवी टोपी ठेवली. मग तुझ्या भावाच्या. घरचे माणूस गेले की सोयऱ्याने टोपी घालायची आणि त्यानंतरच कामाला लागायचे, ही तुमच्याकडची रीत तूच मला सांगितली होतीस. मला कोण घालणार होते?

आबा उठले. पिशवीतून आणखी एक टॉवेल-टोपी काढून ते माझ्यासमोर आले.

तुझे चुलते, नाना, म्हणाले, "आबा, ते पाव्हणे हायेत. दत्त्याचे सर."

"म्हाईत हाय."

"आरं, पर दुखवटा सोयऱ्यानं घालायचा आस्तो. तू घालून त्यांचा कोण होणार?"

"सोयराच की."

"धर्मात बसत न्हाई हे."

"मग तू बसू नको जेवायला," आबा म्हणाले. नाना खरोखरच निघून गेले. त्यांच्यामागे आणखी काही जण गेले.

टोपी मला लहान झाली, दत्ता. दुकानात आबांनी तुझे माप सांगितले होते.

एसटीपर्यंत सोडायला आले तेव्हा ते म्हणाले, "मागल्या पोळ्याला दत्त्या तुमच्याबद्दल बोलला व्हता मला. मी तवा गप्प बसलो." हे तू मला का सांगितले नाहीस? आबांना सारे ठाऊक होते, आणि मी फोनवर त्यांना "आपले चिरंजीव भाडे वेळेवर देतात" असे सांगत राहिलो! तू शेजारी बसून हसत असशील.

टोपीची बातमी माझ्या आधी दौंडला पोहोचली. घरमालकीण काकू वर आल्या. दर पुरणपोळीला दोन ताटे पाठवणाऱ्या काकू. "सर, आमच्या घरात देव हायेत, सुना हायेत. तुम्ही नुसते दोस्त व्हता, म्हाताऱ्याची समजूत चुकली, येवढं म्हणा. मी लोकांची तोंडं बंद करते."

त्या मनापासून बोलत होत्या. मला खोली सोडावी लागू नये असे त्यांनाही वाटत होते. एका वाक्याने हे सारे राहिले असते: तू ठोकलेला खिळा, तू बसवलेला पंखा, ओट्यावरचा तुझ्या कपाचा डाग.

"आबांची समजूत चुकलेली नाही," असे मी म्हणालो. त्या जिन्यावरून सावकाश उतरल्या. मला त्यांचा राग आला नाही. राग यायलाही बळ लागते.

कायदा जेथे होता तेथेच आहे. नानाही तेथेच आहेत. देवावर माझा विश्वास बसलेला नाही, तू आग्रह करू नकोस. पण पितृपक्षात आबांनी बोलावले आहे, आणि मी जाणार आहे. तुझ्या नावाचे पान वाढतील तेव्हा मी मागे उभा राहणार नाही. आणि यापुढे कोणी "रूममेट होते ना?" असे विचारले, तर मी "हो" म्हणणार नाही. हे तुला दिलेले वचन समज.

तुझा,
मधुकर

ता. क. दाराला कुलूप लावले. तुझी आणि माझी, दोन्ही किल्ल्या काकूंना परत केल्या.