उतरायचं तेवढं राहिलं

सक्करदरा, नागपूर
६ मार्च १९७३

ती. जिजाबाई,

तुमच्या धाकट्या जावेचा, म्हणजे कांताचा, वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. प्रेमिलेचा टायफॉइड गेला. आता ती भाकरी मागून खाते आणि वर माझ्या भाजीला नावं ठेवते, तेव्हा लेक बरी झाली असं समजा. तुमची तब्येत कशी आहे? तुमचे दीर वेळेवर जेवतात का? (नसले जेवत तर आग्रह करू नका. भूक लागली की राग उतरतो.) काल सकाळी ते इथून तणतणत उमरेडच्या बसमध्ये बसले. घरी येऊन काय काय बोलले असतील ते मला इथं बसून ऐकू येतं. म्हणून खरं काय झालं ते लिहिते आहे.

आधी या शहराचं सांगते. नागपूर नागपूर म्हणून आपण उमरेडला उगाच दबून असतो. इथली माणसं निव्वळ रिकामटेकडी. मी आले त्या दिवशी आपले जावई चंद्रभानराव मला घ्यायला बस स्टँडवर आले, ते सायकल घेऊन. सासूला आणायला सायकल! माझी ट्रंक कॅरिअरवर बांधली, पिशवी हँडलला अडकवली आणि म्हणतात, "चला आई, पायी पायीच जाऊ, रिक्शा कायले?" म्हणजे ट्रंकेला सायकल आणि मला रस्ता. मी रागारागाने चालले. रस्ते हे एवढे रुंद, कडेला कडुनिंब, सावलीच सावली. ज्याने लावले त्याला घरी काम नसावं. आणि जो तो सायकलीवर. कारकून सायकलीवर, वकील काळ्या कोटात सायकलीवर, कॉलेजच्या पोरी तर तिघी तिघी शेजारी शेजारी, जसं काही ओट्यावर बसून गप्पा मारताहेत. उद्धटपणा तर विचारू नका. स्टँडपासून घरापर्यंत एका माणसानेही मला विचारलं नाही, "काहून वं कांताबाई, कुठं चालली?" आपल्याकडे देवळात जायचं तर शिंप्याला सांगा, तेलिणीला सांगा, पारावरच्या म्हाताऱ्यांना सांगा, आणि मी घरी पोचायच्या आत ती बातमी यांच्या दुकानात पोचलेली. इथे मी मेले काय नि चालले काय. (पहिल्या दिवशी मला याचा फार राग आला. दुसऱ्या दिवशी थोडा कमी आला.)

डॉक्टरांनी प्रेमिलेला सकाळी चालायला सांगितलं, म्हणून तिला घेऊन घराजवळच्या तलावावर जाऊ लागले. तलावात काय असतं? पाणी. ते बघायला लोक धुतलेले कपडे घालून येतात, एक चक्कर मारतात आणि आले तसे परत जातात. बादली नाही, धुणं नाही, काही नाही. असला मूर्खपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो नीट पाहून घ्यावा म्हणून प्रेमिलेने चालणं सोडलं तरी मी एकटीच जाऊ लागले. मग संध्याकाळीही जाऊ लागले. मग तलावाच्या पलीकडे काय मूर्खपणा चालतो तेही पाहावं म्हणून हुडकेश्वरच्या रस्त्याला लागले, तर शेतंच शेतं. बाई, यांच्या घरात आल्यापासून मी कारणाशिवाय उंबऱ्याबाहेर पडल्याचं मला आठवत नाही.

शेजारी नीला नावाची मास्तरीण राहते. साडीचा काष्टा मारते आणि सायकलीवर शाळेत जाते. मी एकदा तिला ऐकू जाईल असं म्हटलं, की बाईमाणसाला हे शोभत नाही. ती थांबली, उतरली आणि म्हणाली, "मावशी, शोभते का नाही ते बसून पाहा ना." आता अशा उद्धट बाईला तिची जागा दाखवायची तर बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रोज संध्याकाळी ती मैदानात मागून कॅरिअर धरायची आणि मी वरून तिला बोल लावायची. मी पडले, तेव्हा दोष खड्ड्याचा होता. दुसऱ्यांदा पडले तेव्हा बकरीचा. चढता येऊ लागलं, वळता येऊ लागलं. उतरायचं तेवढं राहिलं.

परवा मैदानात एक बँडवाला आपल्या माणसांची तालीम घेत होता. लग्नसराईचे दिवस. मी चक्कर मारत होते आणि नीलाने न सांगता हात सोडला. (शिक्षकांवर विश्वास ठेवू नये.) थांबता येत नाही, म्हणून मी बँडभोवती फिरत राहिले. मला वाटलं ते बाजूला होतील, पण त्यांना वाटलं मी त्यांच्या तालावर फिरते आहे. त्यांनी चाल वाढवली. तशात छत्री घेऊन मैदानाच्या तोंडाशी कोण उभं? तुमचे दीर! मला न्यायला आलेले, आणि प्रेमिलेने त्यांना इकडे पाठवलेलं.

"कांता, उतर खाली!"

"मले उतरता येऊन नाही राहिलं!"

"मंग थांब!"

"थांबता येत असतं तर उतरली नसती का?"

मग ते माझ्यामागे धावले. पुढे मी, मागे छत्री आणि मध्ये बँड. शेवटी त्यांनी कॅरिअर पकडलं आणि आम्ही दोघंही मोठ्या ढोलावर जाऊन आदळलो. ढोलाला काही झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानेही विचारलं नाही, की या कोणाच्या कोण. म्हणजे बघा, केवढं माणुसकी नसलेलं शहर!

रात्री हे छत्रीच्या वाकलेल्या काड्या सरळ करत बसले. सकाळी म्हणाले, "उमरेडमध्ये माझं नाव आहे." मी म्हटलं, "नाव सगळ्यांचंच असते जी, मतदार यादीत." त्यावर छत्री विसरून ते निघून गेले. जाताना दरवाजातून एवढंच म्हणाले, की सोमवारी गुमान घरी ये. मला रडू आलं. यांच्या बोलण्याचं नाही. सोमवारपासून परत शिंप्याला सांगायचं, तेलिणीला सांगायचं, म्हणून.

असो. अशा या टाकाऊ शहराची मला आता किळस आली आहे. घरच्या थोरामोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
कांता

ता. क. सोमवारी दुपारच्या बसने येते आहे. बसच्या टपावर एक सायकल असेल. नीलाने नवी घेतली आणि जुनी मला दिली. तुम्ही कृपा करून स्टँडवर या, आणि हमाल सायकल खाली उतरवू लागला की चारचौघांत मोठ्याने म्हणा, "ही मी मागवली आहे." तुम्ही घरात सगळ्यांत मोठ्या. तुम्हाला विचारायची यांची हिंमत नाही.

दुसरा ता. क. भाऊजी गेल्यापासून तुम्ही आपल्या मळ्यातली विहीरही पाहिली नाही. सायकलीचं कॅरिअर मजबूत आहे, त्यावर मी उशी बांधून घेतली आहे. विहिरीपाशी मला उतरता आलं नाही, तर आपण पुढे जाऊ.