प्रवासी खेळाडू

सर, तुमच्या बॉक्सिंगच्या वर्गातली एक मुलगी इंग्लंडला जाऊन लढून आली. एकदा नाही, चार वेळा. तुम्ही असताना हे सांगता आलं असतं तर सातपूरच्या कारखान्यातली पाळी बुडवून तुम्ही कॉलनीभर पेढे वाटले असते. आता सांगायला बसलोय तर जीभ जड झालीय. चारही वेळा ती हरली, आणि ती हरणार हे तिथल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होतं. परवा ती पाचव्यांदा निघणार आहे.

तुम्ही गेल्यावर वर्ग मी बंद पडू दिला नाही. दिवसा शाळेत पीटीचा मास्तर आणि संध्याकाळी विहाराच्या मागच्या हॉलमध्ये तुमच्या जागी उभा. ही मुलगी निफाडकडची, आई द्राक्षबागेत मजुरीला जाणारी. आली तेव्हा वीस वर्षांची होती, आता सव्वीसची आहे. तिचा डावा हात इतका सरळ जायचा की तुम्ही काही न बोलता चष्मा पुसायला घेतला असतात. तुमचं कौतुक तेवढंच असायचं आणि आम्ही त्यासाठी जीव टाकायचो.

तिकडे इंग्लंडमध्ये लढती भरवणारी एक नवी कंपनी उभी राहिलीय. परदेशातून आलेला पैसा आणि त्याला अंत नाही. जुन्या आयोजकांकडचे नावाजलेले खेळाडू तिनं एकेक करून उचलले. गावोगावच्या छोट्या हॉलांतले कार्यक्रम त्यामुळे बसायला लागलेत म्हणे. कंपनीचा एक माणूस नाशिकला आला, हॉटेलात चहा पाजला आणि म्हणाला, "सर, पाँच साल में ब्रिटिश बॉक्सिंग पहचान में नहीं आएगी." दर आठवड्याला टीव्हीवर लढती, मुलींच्याही तेवढ्याच. मी मान डोलवत राहिलो. दर आठवड्याला कुणाला तरी जिंकवायचं तर दर आठवड्याला कुणीतरी हरायलाही लागणार, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात आलं नाही. तिकडे हरणाऱ्या मुली पुरेनात, म्हणून तो इथवर आला होता.

त्यानं पाठवलेल्या कागदात एक शब्द होता, जर्नीमन. तिची आई कागद हातात उलटा धरून मला विचारते, "म्हंजी काय ओ सर?" माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊकच आहे. मी छाती फुगवून सांगतो, जर्नी म्हणजे प्रवास. प्रवासी खेळाडू. देशोदेशी विमानानं जाऊन खेळणारी. "मंग येष्टीच्या पासावानी हाय का?" आई विचारते आणि आम्ही तिघंही हसतो. आठवड्याभरात गावच्या चौकात फ्लेक्स लागला: आंतरराष्ट्रीय जर्नीमन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली सरपंचांपासून दूध डेरीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांचे फोटो. मुलगी आहे तर जर्नीवुमन पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं, पण फ्लेक्स छापून झाला होता. मी त्याच्याखाली उभा राहून फोटो काढून घेतला. त्या महिन्यात वर्गात नवी मुलं इतकी आली की हॉल पुरेना.

सर, मला सारखं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या दातांचं रबरी कवच चहाच्या पातेल्यात उकळत ठेवलंय आणि काकू ओरडतायत, "अहो, आता चहाला आठ दिवस टायरचा वास येईल!" तुम्ही ते चिमट्यानं काढून माझ्या तोंडात घालता आणि म्हणता, "चाव. जोरात चाव. दात गेले तर भाकरी कशानं खाशील?" दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीत मी उभा होतो, चांगला उभा होतो असं मला वाटत होतं, आणि लढत थांबवायला तुम्ही टॉवेल आत फेकलात. परतीच्या एसटीत मी तुमच्याशी एक शब्द बोललो नाही. उतरताना तुम्ही एवढंच म्हणालात, "मार खायला जग पडलंय. त्यासाठी माझ्याकडं यायची गरज नाही." मला तो अपमान वाटला. पुढं कितीतरी दिवस मी वर्गाला आलो नाही, आणि तुम्ही बोलवायलाही आला नाहीत.

तिची पहिली लढत मी सकाळी मोबाइलवर पाहिली. तिकडची मुलगी गोरी, उंच, जिच्या नावाच्या पाट्या लोकांनी धरलेल्या. आपली कोपऱ्यात एकटी, मागं पाणी द्यायला कुणीतरी भाड्याचा माणूस. समालोचक प्रेमानंच बोलत होता, पण 'जर्नीमन' हा शब्द त्यानं तीनदा म्हटला आणि तिसऱ्यांदा म्हणून हसला. ते हसू मला खटकलं. मी शब्द शोधला. प्रवासाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. बॉक्सिंगमध्ये जर्नीमन म्हणजे नवख्या खेळाडूला विजय मिळवून देण्यासाठी आणलेला माणूस. त्यानं पडायचं नाही, फार लागेल असं मारायचं नाही, सगळ्या फेऱ्या काढायच्या आणि हरून घरी जायचं.

चार लढतींनंतर आता तिला एका कानानं नीट ऐकू येत नाही. आईनं परवा मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, वरणात दोनदा मीठ घालती वो पोरगी. घातलेलं ध्यानातच राहत नाय." दवाखान्यात नेली. डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, बॉक्सिंग थांबवलेलं बरं. मी मान हलवली आणि घरी आलो. थांब म्हणायचं तर ती विचारणार, आता का? मग आधी का नाही म्हणालात? त्या प्रश्नाच्या भीतीनं मी गप्प आहे. तुम्ही शिकवलेल्या माणसाला एक टॉवेल फेकता येत नाही, सर. माझी मलाच किळस येते.

काल संध्याकाळी ती वर्गाला आली. सराव झाल्यावर हाताच्या पट्ट्या सोडत बसली होती. म्हणाली, "सर, मला कळलं जर्नीमन म्हंजी काय ते. चौथ्या टायमाला तिथली एक बाई होती, माझ्यासारखीच हरायला आलेली. तिनं सांगितलं."

मी ग्लोव्ह्ज गोळा करायला लागलो.

"आई द्राक्षाची विरळणी करती ना, तसंच हाय. थोडे मणी फुगावे म्हणून बाकीचे खुडायचे." ती हसली. "पण मी एकदा तरी जिंकून दाखवती त्यांना. ह्या टायमाला बघाच तुम्ही." मग पट्टी गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, "सर, तुम्हाला ठावं होतं का?"

मी म्हणालो, "नाही गं."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "तुम्हाला ठावं असतं तर तुम्ही मला जाऊच दिलं नसतं."

मला ठाऊक होतं, सर. दुसऱ्या लढतीच्या आधीपासून. फ्लेक्स अजून चौकात होता, हॉल भरलेला होता, शाळेत हेडमास्तर मला खुर्ची देत होते. शब्दाचा अर्थ कळल्यावरही मीच तिला तीनदा विमानतळावर सोडून आलो.

आज दुपारी कागद घेऊन बसलो तो तिला लिहायला. तोंडानं होणार नाही, निदान लिहून तरी देऊ, म्हणजे परवा ती निघणार नाही, असं ठरवलं होतं. वर तिचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि 'सर' लिहिलं. तुम्ही उलट काही विचारणार नाही, म्हणून.